कंट्रोलर बदलू नका, आधी फ्रॉगच्या पलीकडचे जोड बघा

मॉडेल रेल्वे अडते अशी तुमची पोस्ट वाचली आणि माझी गच्चीवरची खोली आठवली. तुमच्याकडे सेकंडहँड एचओ (१:८७ मापाचा) सेट, मेन लाइनला एक लूप लाइन, दोन्ही टोकांना गाडीची वाट बदलणारे, हाताने फिरवायचे सांधे. एक सांधा लूपकडे वळवला की कंट्रोलरचा लाल दिवा लागतो आणि इंजिन थांबतं. दुकानदाराने तुम्हाला सांगितलं, कंट्रोलर गेला. मला तसं वाटत नाही.

तुमच्या फोटोत फ्रॉग, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, धातूचा दिसतोय. एक सांधा लूपकडे आणि दुसरा सरळ असेल, तर दोघांच्या मधल्या मेन लाइनच्या आतल्या (लूपकडच्या) रुळात एका फ्रॉगकडून प्लस येतो आणि दुसऱ्याकडून मायनस. शॉर्ट झाल्यावर कंट्रोलर बंद पडतो, म्हणजे तो त्याचं काम चोख करतोय. प्रत्येक फ्रॉगमधून पुढे जाणाऱ्या दोन्ही रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर (रुळांची टोकं जोडणारे, पण वीज अडवणारे तुकडे) हवेत. दोन सांधे, चार जोड.

हे मला माहीत होतं, तरी मी चुकलो. प्लॅस्टिकचे जॉइनर बाहेरून मागवले होते. पार्सल एका कार्यालयात अडकलं. नखाएवढे प्लॅस्टिकचे तुकडे, पण कागदावर 'खेळणी' लिहिलं गेलं आणि खेळण्यांचं प्रमाणपत्र मागितलं. चार खेपा घातल्या, दर वेळी नवं टेबल आणि नवा कागद. नक्की काय आणून दिलं की पार्सल सुटेल, हे एकानेही सांगितलं नाही. शेवटी ते परत गेलं. आजही त्याचा राग येतो. दरम्यान मुलगा रोज विचारत होता, गाडी कधी धावणार? म्हणून मी 'तात्पुरते' धातूचे जॉइनर घातले आणि पक्के बसावेत म्हणून वर सोल्डरचा डाग दिला. माझ्या जुन्या कंट्रोलरला शॉर्ट झाल्यावर वीज तोडणारा कटआउट नव्हता. सांधा फिरवला की ट्रान्सफॉर्मर गुरगुरायचा, गरम व्हायचा, आणि एका संध्याकाळी जळकट वास येऊन बंद पडला. दुसरा घेतला, तोही तसाच लावला. तीन महिने मी कंट्रोलरलाच दोष देत होतो. डाग काढताना सांध्याचे स्लीपर वितळले ते वेगळंच.

जॉइनर मिळत नसतील तर थांबू नका. सोनार वापरतात ती बारीक पात्याची करवत पुण्यात रविवार पेठेत मिळते. फ्रॉगपासून जरा लांब रूळ कापा, फटीत प्लॅस्टिकचा पातळ तुकडा घालून अॅराल्डाइटने चिकटवा आणि कानशीने रुळाच्या आकाराला आणा. फट मोकळी सोडू नका, उन्हाळ्यात रूळ सरकून पुन्हा चिकटतात.

जोड तोडल्यावर मधल्या तुकड्यांना वीज मिळणार नाही, म्हणून मेन आणि लूप दोन्हींना कंट्रोलरकडून स्वतंत्र फीडर (वीज आणणाऱ्या वायरी) द्या. फ्रॉगला तिसरी वायर. इथे सांधा फिरवणाऱ्या मोटरपेक्षा साधा सहा पायांचा स्लाइड स्विच मला जास्त आवडतो. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल. एका ओळीचा मधला पाय फ्रॉगला, कडेचे दोन पाय सांध्याच्या बाहेरच्या दोन रुळांना. दुसरी ओळ सिग्नलच्या एलईडीसाठी मोकळी राहते. स्विच जोडल्यावर शॉर्ट झालं तर कडेच्या दोन वायरी अदलाबदल करा, बाकी काही उकलू नका.

स्विचच्या दांड्याला बारीक भोक पाडा आणि सायकलच्या स्पोकने तो सांध्याचे रूळ सरकवणाऱ्या आडव्या पट्टीला जोडा. स्पोक सरळ जोडू नका. स्विच सरकतो जास्त, सांधा हलतो जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. मधे पातळ स्टीलच्या तारेचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा वळसा ठेवा, उरलेला जोर तो खाईल. नाहीतर आडवी पट्टीच तुटते.

हे सगळं साध्या १२ व्होल्ट डीसीसाठी. मी इलेक्ट्रिशियन नाही. कंट्रोलरच्या २३० व्होल्टच्या बाजूला हात लावू नका आणि डीसीसी (डिजिटल कंट्रोल) असेल तर त्यातल्या जाणकाराला विचारा.

तपासायला मल्टिमीटर बझरवर (दोन टोकं विजेने जोडलेली असली की बीप करतो त्या खुणेवर) ठेवा. इंजिनं, डबे उचला, कंट्रोलरच्या दोन्ही वायरी काढा, दोन टोकं दोन रुळांवर धरा आणि एकेक सांधा फिरवत जा. ज्या सांध्याला बीप येईल तिथे दोष.

आणि एक. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये गेला नसाल तर मुलांना घेऊन जा. १९९८ पासून सुरू आहे, तिथली मांडणीही एचओच आहे. गाड्या सांध्यांवरून न अडखळता कशा जातात ते जवळून बघितलं की आपल्याला काय साधायचंय ते कळतं.

पुढचा फोटो फ्रॉगच्या पलीकडचे चारही जोड दिसतील असा टाका. आधीच्या फोटोत ते खडीखाली गेलेत.