वाचकांचे प्रश्न : इव्हेंटचा अभ्यासक्रम आणि मांडवातलं काम

प्रश्न : आमच्याकडे इव्हेंट मॅनेजमेंटचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. मुलं चांगल्या गुणांनी पास होतात, पण कंपन्या त्यांना पाहुण्यांच्या स्वागताला उभं करतात, प्रॉडक्शनला (मंच, साउंड, लाइट उभारण्याच्या कामाला) घेत नाहीत. काय बदलावं? (प्राध्यापिका, नाशिक)

उत्तर : आधी वेळापत्रक. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त जवळपास नसतातच. तुळशीच्या लग्नानंतर कामाची झुंबड उडते आणि नेमकी तेव्हाच तुमची सत्र परीक्षा येते. जून ते ऑक्टोबर वर्ग उरका, डिसेंबर ते फेब्रुवारी मुलं सलग साइटवर धाडा. पंधरा दिवसांच्या इंटर्नच्या हाती कुणी केबलही देत नाही.

मग ‘इव्हेंटची व्याख्या व प्रकार’ आटोपतं घेऊन लोड शीट, म्हणजे कोणतं उपकरण किती वीज घेतं याचा तक्ता, शिकवा. समजा साउंड, लाइट, एलईडी वॉल मिळून 40 किलोवॅट भार आहे. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा वाटा) 0.8 धरला तर 50 केव्हीए; जनरेटरची क्षमता याच एककात मोजतात. जनरेटर 80 टक्क्यांवर चालवायचा तर 62.5 केव्हीएचा हवा. इतकं गणित मुलं करतात. गोची फेजमध्ये होते. जनरेटरची वीज तीन वेगळ्या तारांतून येते, त्यातली प्रत्येक म्हणजे एक फेज. सगळे लाइट एकाच फेजवर टाकले, तर जनरेटर अर्धा मोकळा असूनही ब्रेकर पडतो. न्यूट्रल (तिन्ही फेजची सामायिक परतीची तार) सैल राहिला, तर कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज 230 च्या बरंच वर चढतं आणि भाड्याचा साउंड मिक्सर जळतो. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं. पण ‘फेज कसे वाटलेत?’ हे त्याला विचारण्याइतकं मुलांना कळायला हवं.

शो फ्लो, म्हणजे कार्यक्रमाचा वेळेनुसार क्रम, शेवटाकडून लिहायला लावा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार खुल्या जागेत रात्री 10 ला लाउडस्पीकर बंद. सूट मिळते ती सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशीच, तीही 12 पर्यंत. म्हणजे आभार 9.50 ला, तिथून मागे या. मुलं दीपप्रज्वलनापासून पुढे लिहीत जातात, प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा येतात (येतातच!) आणि कात्री लागते ती मुख्य गायकाला.

प्रश्न : कोटेशन 5 लाखांचं दिलं. त्यात जीएसटी धरायचा का? हे वर्गात शिकवलंच नाही. (विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : दर 18 टक्के. तुमची नोंदणी असेल तर ‘जीएसटी वेगळा’ असं लिहा. बिल 5,90,000 चं होईल. ‘सर्व करांसह’ लिहून बसलात, तर त्याच 5 लाखांतून सुमारे 76,271 रुपये कर भरावा लागेल. नोंदणी नसेल तर जीएसटी लावताच येत नाही.