शाळांना नुसतं पत्रक धाडू नको

भावा, ग्रंथमहोत्सवाचं काम पहिल्यांदाच घेतलंयस म्हणून सांगतो. नुसतं पत्रक धाडलं की ते शाळेच्या ऑफिसातच पडून राहतं. पहिल्या वर्षी मी तेच केलं, अन् दसरा चौकातल्या मांडवात आम्हीच एकमेकांची तोंडं बघत बसलो. मुख्याध्यापकांना मधल्या सुट्टीत गाठ, कुठला वर्ग किती वाजता येणार ते ठरवूनच ऊठ. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतोच, त्याला धरून तारीख माग. फक्त सहामाही परीक्षा कधी ते आधी विचार. पोरानं निवडलेल्या पुस्तकात त्याच्या नावाची चिठ्ठी घालून ते संध्याकाळपर्यंत बाजूला ठेव. मग घरी हट्ट तोच धरतो, आई-बाबा, आजीसुद्धा येतात. स्वस्तातली पुस्तकं खालच्या टेबलावर, पोरांच्या हाताला लागतील अशी. आणि भेळेची गाडी गेटाबाहेरच हं, चिंचेची बोटं पानांवर उमटतात!