‘डोक्यात काई रायतच नाई’

“मॅडम, पोरगं रातभर पुस्तक धरून असते, पन सकाळी इचारलं त सारं साफ. डोकंच कमजोर हाय का याचं?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले वडील विचारत होते. दहावीतला मुलगा शेजारी मान खाली घालून. हिवाळा आला की हाच प्रश्न घेऊन पालक येतात, म्हणून ओळख लपवून लिहिते आहे.

आधी मी रात्रीचं विचारलं. हरभऱ्यात रोही (नीलगायी) आणि डुकरं पडत होती. दिवसभर राबून वडील थकायचे, म्हणून जागलीला मुलगा जायचा. मचाणावर टॉर्च लावून एकच धडा चार-पाचदा वाचायचा. पहाटे दोन तास झोप, मग शाळा.

मी म्हटलं, “भाऊ, मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. आपण शिकतो तेव्हा त्यांच्यातले जोड बदलतात. एका पेशीनं दुसरीला पुन्हापुन्हा जागं केलं की त्या दोघींमधला जोड बळकट होतो.” मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी हे १९४९ मध्ये मांडलं. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो या संशोधकांना सशाच्या मेंदूत तसं प्रत्यक्ष आढळलं. पण जोड टिकाऊ व्हायला पेशीला नवी प्रथिनं तयार करावी लागतात, त्याला वेळ लागतो. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत समुद्री गोगलगाय एका दिवसात उरकलेलं शिक्षण लवकर विसरली. तेवढंच चार दिवसांत वाटून दिलं तर ते आठवडे टिकलं. आणि दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पुन्हा घोटतो. या पोराला तर झोपच नव्हती.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे मीच त्याले जागवलं.” त्यांना अपराधी वाटू नये म्हणून मी घाईनं म्हटलं, पीक गेलं तर घर कसं चालणार, हे मलाही कळतं.

विसरण्यामागे दरवेळी झोपच असते असं नाही. डोळे, कान, अंगातलं रक्त तपासून घ्यायला सांगितलं. अध्ययन अक्षमतेची (वाचण्या-लिहिण्यातल्या खास अडचणीची) शंकाही मनात ठेवली.

ठरलं ते एवढंच: जागल वडील आणि चुलते वाटून घेतील. मुलगा दहाला झोपेल. आणि रोज थोडं वाचून, पुस्तक मिटून, वडिलांना सांगेल. वडील चौथी शिकलेले, पण पोरगं कुठं अडखळलं हे कळायला तेवढं पुरतं.

तीन आठवड्यांनी दोघं आले. वडीलच आधी बोलले, “केप्लरचा पयला नियम धडाधडा सांगते. दुसऱ्यावर अडते अजून, पन एक शब्द टोकला की आठवते त्याले.”