विहिरीतून दगडी शिंपलं निघालं, ते ट्रायगोनिया असेल का?

नाही भाऊ, ट्रायगोनिया म्हणजे समुद्रातलं एक जुनं शिंपलं, ते हे नसावं. विहीर खणताना पस्तीस फुटांवर, काळ्या दगडाच्या दोन थरांमधल्या पांढरट गोट्यात सापडलं असं तुम्हीच लिहिलंय ना, त्यातच उत्तर आहे. काळा दगड म्हणजे लाव्हा, अंदाजे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, एक थर निवून दुसरा येईपर्यंत मधे तळी साचायची आणि त्यात गोगलगायी शिंपले राहायचे, म्हणजे आपल्या इकडचं हे बहुतेक गोड्या पाण्यातलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या पाद्र्यानं नागपूरजवळच्या टाकळीला असलेच फॉसिल गोळा केले होते.

ट्रायगोनिया खाऱ्या पाण्यातलं, बघायचं तर कच्छला जा, तिथं दगडात भरपूर आहेत. हे खानदान कधीच संपलं असंच लोक धरून चालले होते, आणि 1802 मध्ये फ्रेंच जहाजावरच्या लोकांना टास्मानियाजवळ त्याच घराण्यातलं ताजं शिंपलं मिळालं! आता त्याला निओट्रायगोनिया म्हणतात, जिवंत फक्त ऑस्ट्रेलियाच्या आसपास. पाय असा दणकट की चक्क उडी मारतं, आणि आतून मोत्यासारखं चमकतं म्हणून तिकडं त्याचे ब्रोच करायचे.

मला खरी गंमत पुढची वाटते. त्याचे आजचे सगळ्यात जवळचे नातेवाईक समुद्रात नाहीतच, गोड्या पाण्यातले शिंपले आहेत, म्हणजे वर्धा नदीत पायाला लागतात तेच. आमची आजी त्यातली एक शिंपी दगडावर घासून मधोमध भोक पाडायची आणि त्यानं कैरी सोलायची, तिची आतली चमकही तशीच. तिकडं ब्रोच, इकडं कैरी, आपापली गरज.

तर तुमच्या शिंपल्यावर बाहेरून गाठीगाठींच्या जाड फासळ्या आहेत का बघा, गुळगुळीत असेल तर ते नदीवाल्या घरचंच धरा, आणि गोल पिळदार असेल तर ते शिंपलंच नाही, गोगलगाय आहे. फक्त ओलं असताना ब्रशनं घासू नका, आमच्या वावरात निघालेल्या एकाचा मी तसाच भुगा करून बसलोय.