खापरावरची अक्षरं: प्राचीन ग्रीकांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न निवडले आहेत. काहींची उत्तरं लांबली, कारण विषयच तसे होते.

प्रश्न: मी नागरिकशास्त्र शिकवते. लोकशाहीचा जन्म अथेन्समध्ये झाला, असं वर्गात सांगितलं, तर नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बायकांना मत नव्हतं, गुलामांना नव्हतं, मग ती लोकशाही कसली?" तिला काय सांगू?

आधी तिला शाबासकी द्या. तिचं म्हणणं खरं आहे. इ.स.पू. ४५१ मध्ये अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस यानं कायदा केला, की आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असतील तरच मुलगा नागरिक. शहरात राहून कर भरणारे, लढाईलाही जाणारे परके लोक नागरिक नव्हतेच. बायका देवीच्या पुजारीण होत, मोठ्या सणांत त्यांना मान असे, पण जिथं निर्णय होत त्या नागरिकांच्या सभेत जागा नव्हती.

तरीही एवढ्यावर धडा संपवू नका. जे लोक आत होते त्यांनी सत्ता आपसांत कशी वाटून घेतली, ते मुलांना जरूर सांगा. इ.स.पू. ५०८-०७ मध्ये क्लिस्थेनिसनं नागरिकांच्या दहा जमाती नव्यानं पाडल्या. पुढे रोजचा कारभार पाहणारं ५०० जणांचं मंडळ या जमातींतून, प्रत्येकी ५० असं, भरलं जाऊ लागलं आणि तेही सोडतीनं. आपल्याकडे घरांची सोडत निघते, तशी तिथं पदांची निघायची. वय तिशीच्या पुढे हवं आणि आयुष्यात दोनदाच बसता येई. त्यातूनही रोज एका माणसाची अध्यक्ष म्हणून चिठ्ठी निघायची. एक दिवस आणि एक रात्र खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मोहर त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी तो परत आपल्या भट्टीवर किंवा शेतावर, आणि हा मान जन्मात एकदाच. न्यायसभेवर कोण बसणार हे ठरवायला तर दगडी यंत्र होतं. ओळीनं कोरलेल्या खाचांत लोकांच्या नावांच्या पट्ट्या खोवायच्या, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोटे सोडायचे. पांढरा गोटा आला की ती ओळ निवडली गेली.

ॲरिस्टॉटलनं नोंदवलं आहे, की सोडत ही लोकशाहीची रीत मानतात आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची. कारण उघड आहे. निवडणुकीत घराणं, पैसा आणि बोलण्याची हातोटी जिंकते. फक्त सेनापतींसारखी कसबाची पदं ते मतं घेऊन भरत.

आता गुलामांकडे येऊ. माझ्या मते मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर अथेन्सजवळच्या लॉरियनच्या चांदीच्या खाणीत आहे. इ.स.पू. ४८३ च्या सुमाराला तिथं मोठा साठा लागला. ती चांदी लोकांत वाटून टाकण्याऐवजी लढाऊ जहाजं बांधा, असं थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्यानं सभेला पटवलं. एका जहाजाला १७० वल्हेकरी लागत. घोडा नाही, चिलखत नाही, फक्त दंडात बळ आहे, असे गरीब नागरिक त्या वल्ह्यांवर बसले आणि ४८० मध्ये सालामिस बेटाजवळ, चाल करून आलेल्या इराणचं आरमार हरलं. शहर आपण वाचवलं, हे त्यांनी पुढे सभेत विसरू दिलं नाही. गरिबाचा आवाज त्या वल्ह्यांनी वाढवला. पण जहाजांची चांदी अरुंद बोगद्यांत, दिव्याच्या उजेडात खणली ती गुलामांनी. स्वातंत्र्य आणि गुलामी तिथं शेजारी-शेजारी नांदत नव्हत्या, एक दुसरीच्या पाठीवर उभी होती. नववीच्या मुलांना हे नक्की समजतं.

जमल्यास त्यांना खापरांची गोष्टही सांगा. एखादा पुढारी डोईजड झाला तर लोक मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव कोरून टाकत. ६००० खापऱ्यांचा आकडा गाठला, की ज्याचं नाव जास्त त्याला दहा वर्षं शहराबाहेर जावं लागे. मालमत्ता मात्र त्याचीच राही. सालामिसचा वीर थेमिस्टोक्लिसही असाच गेला. अक्रोपोलिस या अथेन्सच्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत त्याच्या नावाच्या १९० खापऱ्या सापडल्या, पण त्यांच्यावरची हस्ताक्षरं मोजली तर जेमतेम १४ माणसांची. म्हणजे कुणीतरी बसून आधीच कोरून ठेवल्या होत्या, हातात द्यायला! लोकशाहीइतकीच तिची पळवाटही जुनी आहे, आणि दोन्हींचा पुरावा एकाच विहिरीत मिळाला.

प्रश्न: साधे ग्रीक लोक रोज काय जेवत? सिनेमात सारखं मांस आणि द्राक्षं दिसतात.

सातू! अथेन्सच्या आसपासची जमीन हलकी, तिथं गव्हापेक्षा सातू बरा येई. गहू काळ्या समुद्राकडून जहाजांनी यायचा. भाजलेल्या सातूचं पीठ पाण्यात किंवा तेलात मळून केलेला गोळा, 'माझा', हे गरिबाचं रोजचं खाणं. ज्यांनी लहानपणी सातूचं पीठ कालवून खाल्लं आहे त्यांना चवीचा अंदाज येईल, फक्त त्यातला गूळ वजा करा.

जेवणाचे ते दोन भाग मानत. 'सितोस' म्हणजे धान्याचं मुख्य अन्न आणि 'ऑप्सॉन' म्हणजे त्याच्याबरोबरचं ऑलिव्ह, चीज, कांदा, मासळी. या दुसऱ्या शब्दाला आपल्या 'कालवण', 'तोंडीलावणं' यांच्याइतका नेमका प्रतिशब्द मला कुठं मिळाला नाही. नुसतं कालवणच खाणारा तरुण पाहून सॉक्रेटिसनं त्याला भर पंगतीत टोकल्याची आठवण त्याचा शिष्य झेनोफन यानं लिहून ठेवली आहे. मांस बहुधा देवाला बळी दिल्यावर, वाटणीचं. दारूत पाणी घालूनच प्यायची, निखळ पिणं रानटीपणाचं. टोमॅटो, बटाटा, मिरची यांतलं तिथं काही नव्हतं. ते सगळं फार नंतर अमेरिकेतून आलं.

प्रश्न: पोरसनं सिकंदराला हरवलं होतं आणि ग्रीकांनी ते लपवलं, असं हल्ली सगळीकडे वाचतो. खरं काय?

इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी सिकंदर जिंकला. लपवाछपवीची शंका येणं स्वाभाविक आहे, कारण या लढाईबद्दल आपल्याकडच्या कोणत्याही प्राचीन ग्रंथात अक्षर नाही. जे आहे ते सगळं ग्रीक-रोमन बाजूचं, आणि आज हातात असलेले ग्रंथ लढाईनंतर तीनशे-चारशे वर्षांनी लिहिलेले. पण हरलेला राजा रणांगणावर 'निकाया', म्हणजे विजयनगरी, वसवून पुढे बियास नदीपर्यंत कूच करत नाही. तिथून तो मागे फिरला तो त्याच्याच सैनिकांनी पाऊल टाकायला नकार दिला म्हणून.

पोरसचं मोठेपण सिद्ध करायला खोटा विजय लागत नाही. त्याचं राज्य सिकंदरानं त्याला परत दिलं, वर आणखी मुलूख जोडला. सिकंदराच्या काळच्या मोठ्या चांदीच्या नाण्यांवर एक घोडेस्वार हत्तीच्या पाठीमागे धावतो आहे आणि हत्तीवर बसलेला वीर मागे वळून प्रतिकार करतो आहे. जिंकणाऱ्यानं हरलेल्याला पाठ टेकलेला दाखवलं नाही, लढताना दाखवलं.

प्रश्न: ग्रीक पुतळे मुळात रंगीत होते म्हणतात. पटत नाही. इतका सुंदर संगमरवर कुणी रंगवेल?

रंगवत होते, आणि भडक रंगवत होते. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्यानं अक्रोपोलिस जाळलं. परतलेल्या लोकांनी मोडलेल्या मूर्ती तिथंच खड्ड्यांत पुरल्या. १८८० च्या दशकात त्या वर आल्या तेव्हा केसांवर तांबडा, वस्त्रांच्या काठांवर निळा-हिरवा रंग अजून होता. मातीनं तो सांभाळला. उघड्यावरच्या मूर्तींचा रंग ऊन-पावसानं गेला, उरलेला पुढच्या माणसांनी घासून काढला. अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं लंडनला नेल्यावर १९३७-३८ मध्ये 'पांढरी दिसावीत' म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली. हे वाचताना मला आजही त्रास होतो.

तरी सगळं गेलं नाही. 'इजिप्शियन निळा' नावाचा रंग विशिष्ट प्रकाशात अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारे, किरण सोडतो. डोळ्याला कोरा वाटणारा दगड कॅमेऱ्यात जागोजाग चमकतो. पार्थेनॉनच्या शिल्पांवरही तो असा दिसला आहे.

आणि स्वतः ग्रीकांना विचारायचं, तर युरिपिडीसच्या एका नाटकात आपल्या रूपाला कंटाळलेली हेलन म्हणते, की मूर्तीवरचा रंग पुसावा तसं माझं सौंदर्य पुसून कुरूप रूप यावं. रंग गेलेली मूर्ती त्यांच्या लेखी विद्रूप होती. पांढरी म्हणजे शुद्ध ही आवड अठराव्या शतकातल्या युरोपची. शेंदूर लावलेला गणपती पाहत वाढलेल्या आपल्याला तरी रंगाचं नवल वाटू नये.

प्रश्न: मी पत्रिका पाहतो. 'होरा' आणि 'केंद्र' हे शब्द ग्रीक आहेत, असं एका व्याख्यानात ऐकलं. आमचं शास्त्र उसनं आहे काय?

शब्द ग्रीकच आहेत, आणि तेवढेच नाहीत. सातव्या स्थानाचं 'जामित्र' म्हणजे 'दिआमेत्रॉस', समोरासमोरचं. 'द्रेक्काण' हा 'देकानोस', 'पणफर' हा 'एपानाफोरा', 'आपोक्लिम' हा 'आपोक्लिमा'. 'केंद्र' हा 'केंत्रॉन', म्हणजे टोचणी, कंपासाचं रुतलेलं टोक. आज आपण 'केंद्र सरकार' म्हणतो त्यातही तेच टोक आहे.

'होरा' म्हणजे तास. शनीपासून चंद्रापर्यंत सात ग्रह क्रमानं एकेका तासाचे स्वामी मानले, की चोवीस तासांनंतर पंचविसावा तास ज्याचा येतो त्याचा पुढला दिवस. रविवारनंतर सोमवार येतो तो या हिशेबानं. एकदा बोटांवर मोजून पाहा.

नक्षत्रांचा विचार आपल्याकडे त्याआधीपासून होता, आणि आलेल्या गोष्टींवर इथल्या लोकांनी खूप काम केलं. उसनं म्हणायची लाज वराहमिहिराला वाटली नाही. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखं पूजतात, असं त्यानं सहाव्या शतकात स्वच्छ लिहिलं.

प्रश्न: कार्ल्याच्या लेण्यात ग्रीकांनी दिलेले खांब आहेत, असं वाटाड्या सांगत होता. ग्रीक मावळात कशाला येतील?

वाटाड्या चुकला नाही, पण थोडं सावकाश घेऊ. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावर आयोनियाचे ग्रीक राहत. इराणी त्यांना 'यौन' म्हणत, त्यावरून संस्कृतात 'यवन', प्राकृतात 'योन', 'योनक'. आरंभी अर्थ ग्रीक, नंतर पश्चिमेकडून आलेला कुणीही. बखरींतला 'यवन' वेगळा, तो अर्थ कितीतरी शतकांनी चिकटला. वर्ष न बघता हा शब्द वाचला की घोटाळा होतो.

येण्याचं कारण व्यापार. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं सागरप्रवासाची माहिती लिहिली. तिच्यात भडोच आहे, सोपारा, कल्याण, चौल आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, आणि गाड्यांतून भडोचला जाणारा माल, हेही आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या समुद्रदेवाची छोटी धातूची मूर्ती मिळाली, ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या आत!

कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दिल्याचे लेख आहेत. नाशिकच्या एका लेण्यात उत्तरेकडून आलेला योनक स्वतःचं नाव इंद्राग्निदत्त सांगतो. बापाचं नाव धम्मदेव, मुलाचं धम्मरखित. कार्ल्यातली नावंही अशीच इथली वाटणारी. म्हणून काही अभ्यासकांना ही माणसं ग्रीक होती की इथलेच लोक, याबद्दल शंका आहे. मला स्वतःला ती बाहेरून येऊन दोन-तीन पिढ्यांत इथली झालेली वाटतात. घरात मुलाचं नाव धम्मरखित ठेवलं तरी दगडावर 'योनक' कोरून घेण्याइतकी मूळची ओळख त्यांना हवी होती.

वाटाड्याला आणि तुम्हाला आणखी एक पत्ता देतो. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाचा लेख आहे, आणि हे नाव काही केल्या इथलं वाटत नाही. त्यानं भिक्षूंसाठी पाण्याची टाकी खोदून दिली. लेखात शब्द आहेत 'बे पोढियो', म्हणजे दोन पोढ्या, दोन टाकी. त्यातला 'बे' मुलांना वाचायला द्या. 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणताना ती रोज तोच शब्द उच्चारतात.