प्रदूषणामुळेच आजार होतात हे शास्त्रज्ञ सिद्ध कसं करतात? की नुसता आकड्यांचा खेळ?

'आकड्यांचा खेळ' वाचलं आणि राहवलं नाही. सात वर्षं मी प्रयोगशाळेत लहान मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलंय. तो आकडा माझ्याच हातून निघायचा.

एकदा लागोपाठ अकरा नमुने चढे आले, सगळे डेसीलिटरमागे 6 ते 8 मायक्रोग्रॅमच्या मध्ये. सर खूश. मला मात्र खटकलं. वेगवेगळ्या घरांतली मुलं इतक्या शिस्तीत येत नाहीत. तसं बोलले, तर सर म्हणाले, "मग तुमचेच हात नीट धुतलेले नसतील."

त्या संध्याकाळी थांबून त्याच खोक्यातल्या कोऱ्या ट्यूब काढल्या, विरळ नायट्रिक अ‍ॅसिड घातलं, बूच लावून हलवल्या आणि मशीनवर लावल्या. रक्ताचा थेंब नाही, तरी आकडा जवळजवळ 4! शिसं रबरी बुचातून उतरत होतं. नमुने बाद झाले, मुलांना पुन्हा सुया टोचाव्या लागल्या, आणि अहवालात कारण काय लिहिलं? 'हाताळणीतील चूक'. अजून डोक्यात जातं.

अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचंही असंच झालं होतं. ते उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढत होते (1956 मध्ये काढलं, सुमारे 455 कोटी वर्षं), पण धुळीतून, भांड्यांतून बाहेरचं शिसं नमुन्यात शिरायचं. प्रयोगशाळा घासून घासून स्वच्छ केली, आणि मग त्यांना प्रश्न पडला की एवढं शिसं येतंय कुठून? त्यातून ते शिसेयुक्त पेट्रोलपर्यंत पोचले. त्यांनी दोष कुणाच्या हातांवर ढकलला नाही.

आता तुमचा प्रश्न. रक्त फक्त अलीकडचं सांगतं, महिन्याभरात त्यातलं शिसं निम्म्यावर येतं. म्हणून अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. कुणाच्या दातात किती शिसं आहे, हे बुद्ध्यंक तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. आईवडिलांचं शिक्षण वगैरे हिशेबात धरूनही जास्त शिसेवाली मुलं मागे पडली. हे 1979 चं. पुढे शिसे उद्योगाच्या बाजूने साक्ष दिलेल्या दोघींनी त्यांच्यावर गैरप्रकाराचा आरोप केला. 1992 मध्ये उघड सुनावणी झाली, त्यातून ते सुटले. शिवाय 1976 ते 1980 मध्ये अमेरिकेत पेट्रोलमधलं शिसं घटलं, तसं लोकांच्या रक्तातलंही सुमारे 37 टक्क्यांनी उतरलं. खेळ असता तर दोन्ही आकडे जोडीने उतरले असते का?

तेव्हा संशोधनाचा कुठलाही पेपर हातात आला की निष्कर्ष नंतर वाचा, आधी ब्लँक शोधा, म्हणजे मी कोऱ्या ट्यूबवर केली तशी नमुन्याशिवायची तपासणी. नसेल तर सरळ मिटवा, मग लिहिणारा कितीही मोठा सर असो. आमच्या पेपरात ती ओळ आहे, 'प्रत्येक खोक्यातील ट्यूब आधी तपासल्या.' कुणी तपासल्या ते नाही.

आणि हो, शिशाचं काम त्यातल्या त्यात सोपं. एकच धातू, रक्तात किंवा दातात थेट मोजता येतो. हवेतल्या धुरात शंभर गोष्टी मिसळलेल्या असतात, तिथे मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही.