सून नातवाशी तेलुगूच बोलते, त्याचं मराठी कच्चं राहील का?

तुमची सून तेलंगणातली, शाळेत शिकवते, अडीच वर्षांच्या नातवाशी फक्त तेलुगू बोलते. त्याचं मराठी कच्चं राहील का आणि मराठी कधी सुरू करावं, असं विचारलंय तुम्ही. राहणार नाही. बोलू द्या तिला.

मी तेलंगणातल्याच सिरसिल्ल्याची. 1998 ला लग्न होऊन सोलापुरात साखर पेठेत आले. तिथं माग, इथंही माग, खटखट ओळखीचीच होती. सासरी तेलुगू चालायचं. मराठी शिकले ती सासूबाईंसोबत विड्या वळायला बसणाऱ्या बायकांकडून, मांडीवर सूप घेऊन. ळ आयता होता, तेलुगूत आहेच. 'आपण' आणि 'आम्ही'सुद्धा अडलं नाही, आमच्यात मनमु आणि मेमु असतं (हिंदीवाल्यांची तिथं पंचाईत होते). अडलं ते लिंगावर. तेलुगूत आई आली काय, बस आली काय, दोन्हीला 'वच्चिंदि'. पुरुषाला तेवढं वेगळं. म्हणून मी बिनदिक्कत 'सासूबाई आलं' म्हणायची आणि सगळ्याजणी सुपं बाजूला ठेवून हसायच्या.

2006 ला मुलगा पहिलीत. बाईंनी बोलावून घेतलं, वही पुढं केली. 'आजी आलं', त्याभोवती लाल गोल. म्हणाल्या, "घरी तेलुगू बंद करा, त्याचा गोंधळ होतोय." जाऊबाई इथल्याच, मराठी शाळेतल्या, त्यांना आयतंच सापडलं. सासूबाई तोवर गेलेल्या. घरादारानं मराठी सुरू केलं.

आता सांगा, 'आजी आलं' पोरगं कुणाकडून शिकलं? तेलुगूकडून नाही, माझ्या मोडक्या मराठीकडून. आणि उपाय काय, तर तेच मराठी त्याला दिवसभर पाजा! वर्षभरानं माझ्या आईनं फोनवर विचारलं, "तिन्नावा?" म्हणजे जेवलास का. त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला. "आजी काय म्हणायलीय?"

त्या रागात मी मराठी घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड. आता तेलुगू घरांतल्या पोरांना मीच मराठी शिकवते. मुलीशी मात्र पहिल्या दिवसापासून तेलुगू बोलले, दहावीला मराठीत तीच वर्गात पहिली. जाऊबाई अजून म्हणतात, पोरगी मुळातच हुशार. असेलही. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे, रूममेटकडून तेलुगू शिकतोय.

तुमच्या घरी बाकी सगळे मराठीच बोलत असणार, मग 'कधी सुरू करावं' हा प्रश्नच येत नाही, ते सुरूच आहे. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत राहत असाल, जिथं खेळायला येणारी पोरंही तेलुगूच, तर मराठी गोष्टी, गाणी मुद्दाम ऐकवावी लागतील, आणि ते काम तुमचं, सुनेचं नाही. पोरगं कुठल्याच भाषेत बोलत नसेल तर मात्र डॉक्टरला दाखवा, ती गोष्ट वेगळी.

आणि सुनेचं मराठी चुकत असेल तर तिला तुमच्याशी चुकू द्या. नातवाशी तेलुगूच बरं.